दस्तरखानावरचा नकार

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ओडिशा राज्याचा एक तक्ता लावलेला आहे. 'एक भारत श्रेष्ठ भारत' हा उपक्रम २०१५ साली जाहीर झाला आणि त्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी जुळवण्यात आली. त्यामुळे कोकणातल्या खाडीकाठच्या आमच्या उर्दू शाळेतील सहावीच्या मुलांना दालमा म्हणजे काय ते सांगता येते. छेनापोडा कशाचा करतात ते ठाऊक आहे. पखाळ म्हणजे पाण्यात भिजत ठेवलेला भात, हेही ती सांगतात आणि आपल्या पेजेशी त्याचे नाते जोडतात.

हे सर्व चांगलेच आहे. पण आमच्या शाळेला लागूनच मराठी शाळा आहे. दोन्ही शाळांचे मैदान एक, पाण्याची टाकी एक, पोषण आहाराचा तांदूळही एकाच टेम्पोतून उतरतो. तरीही मधल्या सुट्टीत एकीकडची मुले एका व्हरांड्यात आणि दुसरीकडची दुसऱ्या व्हरांड्यात बसून तीच खिचडी खातात. भुवनेश्वरच्या मुलाच्या ताटात काय असते ते आमच्या मुलांना ठाऊक. पंचवीस पावलांवरच्या मुलाच्या घरी काय शिजते ते मात्र ठाऊक नाही. ही गोष्ट दोन्हीकडच्या शिक्षकांना बोचू लागली तेव्हा आम्ही मिळून एक अंगतपंगत करायचे ठरवले. संक्रांतीच्या आठवड्यातला शनिवार. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, त्याची माहिती सांगायची आणि शेजाऱ्याला वाढायचा. मांस-मच्छी नको, एवढे आम्ही आधीच सांगून ठेवले होते. त्या एका सूचनेने सगळे प्रश्न मिटले अशी आमची समजूत होती.

पंगत चांगली रंगली. घावन दोन्हीकडून आले आणि कोणाचे जाळीदार यावर मुलांचा वाद झाला. सांदण हा शब्द दोन्हीकडे निघाला, पण डबे उघडल्यावर पदार्थ वेगळे. आमच्या घरांतले सांदण तांदळाचे पीठ आंबवून, नारळाचे दूध घालून वाफवलेले, पांढरेशुभ्र. त्यांच्याकडच्या एका मुलीने सांगितले की तिची आजी फणसाच्या रसात तांदळाची कणी मिसळून सांदण करते, ते पिवळे असते आणि ते मे महिन्यातच मिळते. एक नाव, एक चाळण, एक वाफ आणि दोन चवी. तक्त्यावर लावण्यासारखा धडा आपोआप मिळाला म्हणून आम्ही खूश होतो.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. मराठी शाळेतल्या एका मुलाने मोठ्या प्रेमाने आमच्या एका विद्यार्थ्यापुढे शिऱ्याचा डबा धरला आणि सांगितले, "काल आमच्याकडे सत्यनारायण होता, त्याचा प्रसाद आहे." आमच्या मुलाने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "माझं पोट दुखतंय." थोड्याच वेळाने गोलाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या एका मुलीने सांदण पुढे केले तेव्हा समोरचा मुलगा म्हणाला, "आईने सांगितलंय, तुमच्यातलं काही खायचं नाही." मुलीने डबा मिटला. पंगत संपेपर्यंत तिने तो पुन्हा उघडला नाही.

दोन्ही शाळांचे शिक्षक ओशाळले. आम्ही गाणी सुरू केली, तिळगूळ वाटला, वेळ निभावून नेली. पण सोमवारी वर्गात एका मुलाने सरळ विचारले, "सर, आपण शिरा घेतला नाही तर चालतं, मग त्याने सांदण घेतलं नाही तर त्याचा राग का आला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात मूल्यशिक्षण होते, त्यात सहिष्णुता होती, तिचे पाठ-टाचण कसे काढायचे तेही होते. पण नकाराचे पाठ-टाचण नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही आपल्या समाजात वापरात आहेत.

पहिले उत्तर असे की सगळ्यांनी सगळे खावे. अन्नाला धर्म नसतो, भूक सर्वांची सारखी, प्रसाद घेतल्याने कोणी बाटत नाही आणि शीरखुर्मा प्यायल्याने कोणाचा धर्म बुडत नाही. ऐकायला हे गोड वाटते. पण त्यातून खाणे ही परीक्षा होऊन बसते. जो खाईल तो पुढारलेला, जो थांबेल तो कट्टर. ही परीक्षा दरवेळी ज्याची संख्या कमी त्याचीच घेतली जाते. 'हा आमच्याकडचं सगळं खातो हो, अजिबात तसला नाही', अशी प्रशस्ती आपल्यापैकी अनेकांनी कचेरीत, कॉलेजात ऐकली असेल. ऐकताना बरे वाटते आणि मागाहून खटकते. 'तसला' कोण, हे आपल्याला कळलेले असते. दुसरे असे की खाण्याने काही सिद्ध होते हेही फारसे खरे नाही. ईदला शीरखुर्मा पिऊन जाणारा शेजारी घर भाड्याने द्यायची वेळ आली की अडखळतो, हा अनुभव शहरांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना सांगायला नको. जिभेची मैत्री जिभेपाशी थांबू शकते.

दुसरे उत्तर याच्या उलट. ज्याचे त्याने खावे, ज्याच्या त्याच्या घरी खावे. उगाच पंगती मांडून मुलांना पेचात टाकू नये. आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या दिवशी हे म्हटले. यात शांतता आहे, पण ती दोन व्हरांड्यांची शांतता आहे. त्या शांततेत मुले मोठी होतात आणि एकमेकांच्या स्वयंपाकघरांविषयी जे काही ऐकतात ते तिसऱ्याकडूनच ऐकतात.

दोन्ही उत्तरांत एक समजूत सारखीच आहे: नकार म्हणजे अपमान. एक म्हणतो अपमान नको म्हणून खा, दुसरा म्हणतो अपमान नको म्हणून वाढूच नका. आम्हाला या समजुतीचाच विचार करावासा वाटला.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो मदरशात ऐकला असेल, पण या बाजूने त्याच्याकडे पाहिले नसेल. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना यांच्या घरी प्रेषित (स.) जेवायला बसले होते. समोर भाजलेला 'दब्ब' आला. दब्ब म्हणजे आपल्याकडच्या घोरपडीसारखा वाळवंटातला एक प्राणी. प्रेषितांनी हात पुढे केला, तेव्हा तिथल्या स्त्रियांपैकी एक म्हणाली की त्यांच्यापुढे काय वाढले आहे ते त्यांना सांगा. सांगितल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद यांनी विचारले, हा हराम आहे का? उत्तर मिळाले की नाही, पण माझ्या लोकांच्या मुलुखात तो नसतो, म्हणून माझे मन घेत नाही. मग खालिद यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला आणि प्रेषितांच्या डोळ्यांदेखत खाल्ला.

या छोट्या प्रसंगात पंगतीचे सगळे शास्त्र आले आहे. वाढणाऱ्यांनी काय वाढले ते सांगितले. पाहुण्याला अंधारात ठेवले नाही. खाणाऱ्याने नकार दिला आणि कारणही दिले. ते कारण स्वतःविषयीचे होते. त्याने अन्नाला नावे ठेवली नाहीत, यजमानाला कमी लेखले नाही. आणि स्वतः न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा हात धरला नाही. प्रेषितांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले, असेही हदीसमध्ये आलेले आहे. सांगणे, कारणासह नाकारणे, आणि दुसऱ्याला खाऊ देणे, या तीन गोष्टी आमच्या पंगतीत नव्हत्या. आमच्या मुलाने नाकारले, पण खोटे कारण देऊन. त्या मुलाने नाकारले, पण कारण न देता. आणि आम्ही शिक्षकांनी तर आधी काही सांगण्याचीच सोय केली नव्हती.

म्हणजे दोन्ही नकार सारखेच होते का? त्या मुलाच्या प्रश्नाचा हा खरा गाभा.

सुरुवातीला आम्ही स्वतःशी एक कसोटी लावली. नकार अन्नाला आहे की हाताला? त्याच मुलाच्या आईने पूजेविना शिरा केला असता, तर आमच्या विद्यार्थ्याने तो मिटक्या मारत खाल्ला असता. त्याचा आक्षेप शिऱ्याला नव्हता, त्या मुलाच्या हातालाही नव्हता. अल्लाहखेरीज इतर कोणाला अर्पण केलेले आपण खात नाही, एवढेच त्याला घरी शिकवलेले होते. याउलट त्या मुलाने 'तुमच्यातलं काही' म्हटले. म्हणजे पदार्थ कोणताही असो, हात तुमचा म्हणून नको. कसोटी स्पष्ट होती, निकाल आमच्या बाजूने होता, आणि म्हणूनच आम्हाला तिचा संशय यायला हवा होता.

कारण हीच कसोटी आपल्यालाही लावून पाहावी. मटणाच्या दुकानात आपण काय विचारतो? कापणारा कोण, नाव कोणाचे घेतले? जनावर तेच, मसाला तोच, तरी हात पाहिल्याशिवाय आपण घेत नाही. आपला नियमही कुठेतरी हातापाशी येऊन थांबतो. तो नियम माणसाला हीन ठरवण्यासाठी नाही हे आपल्याला आतून ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला मात्र आपली 'नाही' तेवढी ऐकू येते.

पुढे पालकसभेच्या दिवशी त्या मुलाच्या आईची भेट झाली. मराठी शाळेच्या बाईंनी आमची ओळख करून दिली. बाईमाणूस संकोचली होती. मुलाने घरी काही सांगितले असावे. म्हणाली, "सर, आमच्या घरात माळ आहे. सासऱ्यांनी घातली, मग आम्ही घातली. तुमच्या भांड्यांत मटण-मच्छी शिजतं, म्हणून मी त्याला सांगितलं होतं. तो असं तोंडावर बोलेल असं नव्हतं वाटलं." तुळशीची माळ घातलेला वारकरी मांस-मच्छी खात नाही आणि ती शिजलेल्या भांड्यातलेही टाळतो. आम्ही म्हणालो, "भाभी, आम्हीसुद्धा प्रवासात हॉटेलात शिरलो की भांड्यांचीच चौकशी करतो." ती हसली. बोलणे तिथेच मोकळे झाले.

त्या भेटीने आमचा निकाल पालटला. सगळाच नाही, पण बराचसा. आईच्या मनात कारण होते: भांडे. मुलाच्या तोंडी येईपर्यंत कारण गळून गेले आणि फक्त 'तुमच्यातलं' उरले. आम्हाला वाटते, मनाई पिढ्यान्‌पिढ्या अशीच उतरते. नियम पोचतो, कारण वाटेत सांडते, आणि रिकाम्या जागी 'ते लोक' येऊन बसतात. आपल्या घरांतही हेच होते. 'हिंदूंच्या घरचं खाऊ नकोस' असे एखादी नानी सांगते. तिच्या मनात प्रसाद असतो किंवा झटक्याचे मांस असते. मूल मात्र ऐकते की त्यांचे घरच वाईट. मग ते मूल शेजारणीच्या हातचे केळेसुद्धा मागे सारते, ज्याला कोणत्याही शरियतची हरकत नाही. हे सांडलेले कारण पुन्हा मुलाच्या हातात देणे, हे शाळेचे काम आहे असे आम्हाला वाटू लागले.

पण इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक नकाराला आदर द्यायचा असे म्हटले की त्या छत्राखाली एक असा नकार येऊन उभा राहतो, ज्याला आदर देता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकीण बाईने शिजवलेला पोषण आहार खायला नकार दिला. तिथे भात तोच होता, भांडे तेच होते. नकाराचे कारण फक्त जन्म हे होते. अशा नकारामागे कोणते कारण सांडलेले नसते, कारण तिरस्कार हेच त्याचे कारण असते. आमच्या कोकणातच, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले ते याच नकाराविरुद्ध. आणि आपण हेही विसरू नये की त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. आपले पूर्वज तिथे पाणी भरत होते. शेजारचा माणूस तहानलेला ठेवला जातोय, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

आपली बाजू स्वच्छ आहे असे मानण्याचे कारण नाही. एका सफेत उभे राहण्याची आपली शिकवण आहे, पण दस्तरखानावर कोण कोणाशेजारी बसतो, कोणाच्या घरचे हिस्सा म्हणून आलेले ताट कोपऱ्यात राहते, कोणत्या बिरादरीचे घर दावतीतून नेमके विसरले जाते, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक असते. त्या नकाराला आपण शरियतचे नाव देऊ शकत नाही. तो आपण शेजाऱ्यांकडून उचललेला आहे आणि जपून ठेवला आहे.

आणखी एक नकार आहे. तो 'मी खाणार नाही' एवढ्यावर न थांबता 'तूही खायचे नाही' इथपर्यंत जातो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. जो अंडे खात नाही त्याला केळे किंवा स्थानिक फळ. आम्हाला ही रचना फार आवडली होती. पंगत एक, वेळ एक, एकाच्या हातात अंडे आणि दुसऱ्याच्या हातात केळे, आणि कोणाला कोणाची अडचण नाही. अंड्याला विरोध करणारेही पुढे आले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासनाचा निधी बंद झाला; द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असे सांगण्यात आले. ज्या मुलाच्या घरी अंडे परवडत नाही त्याच्या शाळेत लोकसहभाग कुठून येणार?

याच नकाराची भयंकर टोके आपण पाहिली आहेत. २०१५ साली दादरीत फ्रिजमधल्या मांसाच्या संशयावरून एका माणसाला घरातून ओढून मारले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ जळगाव जिल्ह्यातील एका वृद्धाला त्यांच्याजवळच्या मांसावरून तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. ते मुलीच्या घरी कल्याणला निघाले होते. लेकीकडे जाणारा बाप काहीतरी घेऊन निघतो, ही आपल्याकडची किती साधी गोष्ट. त्या बातमीनंतर आमच्या शाळेतल्या कितीतरी आयांनी मुलांना सांगितले की प्रवासात डबा उघडू नका. ज्या मुलांना आम्ही डबा उघडून वाटायला शिकवतो, त्यांना घरून डबा मिटायला सांगितले जाते आणि दोन्ही सांगणारे त्यांच्या भल्याचेच बोलत असतात.

पण इथेही आरसा आपल्याकडे वळवावा लागतो. रमजानमध्ये आमच्या शाळेत लहान मुलांना, आजारी मुलांना रोजा नसतो. ती कोपऱ्यात तोंड लपवून खातात, कारण मोठी मुले 'रोजाखोर' म्हणून चिडवतात. एक-दोनदा आम्हीही पाहून न पाहिल्यासारखे केले आहे. माळकरी किंवा जैन मुलाला आपली मुले हसत 'घासफूस' म्हणतात, तेव्हा आपण त्याला गंमत म्हणतो. ताटाची टिंगल आणि ताटावरची जबरदस्ती यांत अंतर मोठे आहे हे खरे, पण रस्ता एकच आहे.

मग त्या मुलाला उत्तर काय? आम्ही स्वतःपुरते ते असे लावले आहे. जो नकार स्वतःच्या ताटाविषयी आहे, ज्याला कारण आहे आणि जो सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून सांगता येतो, तो अपमान नाही. तो ऐकून घ्यायचा. इतकेच नव्हे, पुढच्या वेळी त्याची सोय करायची. जो नकार समोरच्याच्या जन्माविषयी आहे, त्याला आदर नाही. तिथे शाळेने ठाम उभे राहायचे. आणि जो नकार दुसऱ्याच्या ताटात हात घालतो, तो नकार नसून हुकूम आहे. राहिला राग. त्या मुलीच्या मिटलेल्या डब्याचा आम्हाला राग आला, तो यायलाच हवा होता. पण तो घेऊन आम्ही आधी कारण विचारायला जायला हवे होते.

हे सगळे फार परके नाही. कुरआनच्या सूरह नूरमध्ये एकत्र जेवा किंवा वेगळे जेवा, त्यात गुन्हा नाही, असा आशय आलेला आहे. म्हणजे एका ताटात जेवण्याची सक्ती नाही, वेगळे जेवण्याचीही नाही. मग शेजारधर्म कशात आहे? हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले की आपल्या यहुदी शेजाऱ्याला हिस्सा पाठवलात का? त्यांनी आधी त्याची आठवण काढली. आणि पलीकडच्या परंपरेतही हे आहेच. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न गावाने अस्पृश्य ठरवलेल्यांना वाढल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. वारकऱ्यांच्या काल्यात तर गोपाळांच्या सगळ्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात. ज्या आईने मुलाला आमच्या सांदणापासून थांबवले, ती दरवर्षी त्या काल्याच्या कीर्तनाला बसते. ज्या आम्ही त्या मुलावर रागावलो, ते आम्ही अब्दुल्लाह बिन अम्र यांची गोष्ट वर्गात सांगतो. दोघांच्याही घरात पुरेसे होते, दोघांनाही ते त्या दिवशी आठवले नाही.

पुढच्या वर्षी आम्ही अंगतपंगत पुन्हा केली. काही ज्येष्ठांचा विरोध होता, तो आम्ही ऐकून घेतला. या वेळी प्रत्येक डब्यावर मुलांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली, मराठीत आणि उर्दूत: पदार्थ कोणता, त्यात काय आहे, कोणत्या भांड्यात केला, पूजेचा किंवा नियाजचा आहे का. आणि एक नियम केला की वाढण्यापूर्वी विचारायचे, "तुला चालेल का?" समोरच्याने 'नाही' म्हटले तर 'का?' विचारायचे, पण एकदाच. आणि उत्तर देणाऱ्याने खरे उत्तर द्यायचे.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. एका मुलीच्या डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती; चिठ्ठीवर तिने लिहिले होते, 'आज हेच होते.' मांस-मच्छी नको हा आमचा जुना नियम त्या घरापर्यंत पोचला नव्हता किंवा पोचून उपयोग नव्हता. संस्कृतीची ओळख करून द्यायला निघालेले आम्ही सणाचे पदार्थ मागत होतो आणि ज्या घरी सण येत नाहीत त्या मुलीला आम्ही विचारातच घेतले नव्हते. तिच्या शेजारची मुले म्हणाली, "आम्हाला चालेल." माळकऱ्यांचा मुलगा थोडा सरकून बसला. त्याने 'आमच्यात चालत नाही' असे सांगितले आणि तिच्याकडचा नुसता भाकरीचा तुकडा तरी घेता येईल का, असे बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, तुझ्या आईला विचारू. त्याने त्या दिवशी घेतला नाही. आम्हाला तेही बरे वाटले.

सांदणाच्या मुलीने पुन्हा सांदणच आणले होते. तिच्या आईने नवी चाळण आणि कोरे भांडे वापरले होते आणि चिठ्ठीवर तसे लिहिले होते. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. मुलीनेच घरी हट्ट धरला होता. त्या मुलाने ते खाल्ले का, हे आम्ही मुद्दाम पाहिले नाही. तो त्या दोघांचा प्रश्न होता.

पंगत उठताना गेल्या वर्षी पोट दुखणारा आमचा विद्यार्थी जवळ आला. म्हणाला, "सर, तेव्हा मी खोटं बोललो होतो, त्याचं काय?" आम्ही म्हणालो, "ज्याच्याशी बोललास त्याला जाऊन सांग." तो मैदान ओलांडून गेला. दोघे टाकीजवळ काही बोलले. परत आला तेव्हा आम्ही विचारले, काय म्हणाला तो?

"म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं. आणि म्हणाला, पुढच्या वेळी पूजेच्या आधीच तुझा वेगळा काढून ठेवायला सांगतो आईला."